घर गावात, गिऱ्हाईक शिवारात

शहापूर-मुरबाडकडचा कुठलाही रस्ता धरा, भाताच्या खाचराच्या बांधावर रोवलेला एक फलक भेटतोच : फार्महाऊस विकणे आहे. खाली डोंगर, नदी, मोबाइल नंबर आणि ठाण्यापासूनचं अंतर, तेही तासांत. किलोमीटर कोणी लिहीत नाही. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि शहापूरच्या दलालांना हुरूप आला. मुरबाडच्या दलालांचं भांडवल म्हणजे माळशेजचा घाट, बारवीचं पाणी आणि येणार-येणार म्हणून वर्षानुवर्षं ऐकू येणारी कल्याण-मुरबाड रेल्वे.

त्यात हल्ली एक वेगळं गिऱ्हाईक फिरू लागलंय. त्याला स्लॅबचा बंगला नको. जुनं कौलारू घर हवं, दगडी जोत्याचं, सागवानी खांबांचं, कोनाडे आणि माळा असलेलं. असं एक घर सरळगाव सोडून आत गेल्यावर एका गावठाणात आहे. मालक साठीच्या पुढचे, अजून भात लावणारे. त्यांची भाची आसनगावला राहते, ठाण्यात नोकरी करते आणि किन्हवलीवरून स्कूटर हाणत आजोळी येते. मामा विकायच्या बाजूचे, भाची विरोधात. दोघांचं बोलणं मी वेगवेगळ्या वेळी ऐकलं, इथे सलग लावलंय. नावं देत नाही, दलालसुद्धा वाचतात.

भाची : मामा, परवा फोटो काढून गेला तो माणूस कोण?

मामा : दलाल. कल्याणचा. म्हणाला, तुमच्या घराला कॅरेक्टर आहे. म्हटलं, त्याचा दाखला पोलीस पाटील देतो, पण माणसाला. घराला अजून कोणी मागितला नव्हता.

भाची : हसण्यावारी नेऊ नका. विकायचं ठरवलंत का?

मामा : ठरवायला राहिलंय काय, बाय? दोन्ही पोरं बदलापूरला. तुझ्या मामीला गुडघ्यांमुळे ओटीची पायरी उतरवत नाही. दर मे महिन्यात कौलं चाळायची. वानरांची टोळी आली की एका दुपारी निम्मं छप्पर खाली. मंगलोरी कौलं नवी सहज मिळत नाहीत, कुणाचं घर मोडलं की आधी तिकडे धावायचं. चाळणाराही आता म्हाताराच मिळतो, आणि त्याला वर चढवायचं म्हणजे आपल्याच पोटात गोळा.

भाची : मग पत्रे टाका. शेजाऱ्यांनी टाकलेत की.

मामा : पत्रे टाकले की दलाल येणार नाही.

भाची : आलाच नाही तर बरं. मी सांगते ते ऐका. सरकारचं २०२०चं कृषी पर्यटन धोरण आहे, त्यात नोंदणी करू. शनिवार-रविवार माणसं येतील, घर राखलं जाईल, चार पैसेही सुटतील. ओटीवर पंगत, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं...

मामा : भाकरी भाजणार कोण?

भाची गप्प झाली. कृषी पर्यटनाच्या माहितीपत्रकात "घरची चव" असं छापलेलं असतं, तिच्यामागचे हात कोणाचे ते छापत नाहीत. मामांनी तो विषय तिथेच मिटवला आणि मला ते पटलं.

भाची : निदान मागची कारवीची भिंत तरी बघा. असं कूड आता कोणाकडे उरलंय?

मामा : बघतो की, रोज बघतो. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, मग वाळते, ती डोंगरातून आणायची, विणायची, वर माती आणि शेणाचा लेप. शेणाला गुरं लागतात. माझ्या गोठ्यात आज तुझी स्कूटर उभी आहे. नांगरट पॉवर टिलरनं होते. सारवायला शेण मी पलीकडच्या वाडीतून मागून आणतो, तेही आता देताना तोंड वाकडं करतात. शेतीचं काम होतं म्हणून घर तसं होतं. काम गेलं आणि तू म्हणतेस घर तसंच ठेवा.

भाची : सगळं मान्य. तरी वाडवडिलांची वास्तू आहे. चार पिढ्यांचं घर असं एका सहीवर...

मामा : चार पिढ्या? तुला कोणी सांगितलं?

भाची : आईच म्हणते.

मामा : तुझी आई इथेच जन्मली, म्हणून तिला तसं वाटतं. आम्ही कूळ होतो, बाय. हे घर सावकाराचं. आमचं घर खालच्या आळीत, कारवीचं कूड आणि वर गवत. दर पावसाळ्याआधी शाकारायचं, आणि चुलीची ठिणगी उडाली की संपलं. कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७चा कृषक दिन झाला, मग कलम ३२-गची सुनावणी होऊन शेत बापाच्या नावावर लागलं. सावकाराची पोरं कल्याणला गेली, शिकली, परत आली नाहीत. घर ओस पडलं, माळ्यावर वटवाघळं. बापानं हप्त्याहप्त्यानं पैसे फेडून ते घेतलं. हे घर आधी एकदा विकलं गेलेलंच आहे.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण जुन्या घरांवर हळवं लिहिणारे आम्ही लोक नेमकी हीच गोष्ट विसरतो. जे टिकलं त्याला आपण वारसा म्हणतो. टिकलं ते ज्याला साग परवडत होता त्याचं. ज्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ला स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आलं तो याच मुरबाड तालुक्यातला. भूमिगत होण्याआधी याच कोतवालांनी शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून धान्यकोठारं उभी केली होती. आज जाहिरातीत सिद्धगडाचा उपयोग खिडकीतून दिसण्यापुरता आहे. आणि खिडकी सावकाराची.

म्हणून भाचीचा वास्तूचा मुद्दा माझ्या दृष्टीनं पडला. ज्या घराच्या अंगणातच मामांच्या आजोबांना थांबावं लागलं असेल, त्या घराची वडिलोपार्जित म्हणून आरती करण्यात अर्थ नाही. मामांच्या वडिलांनी ते विकत घेतलं हा पराक्रम होता, आणि जे विकत घेता येतं ते विकताही येतं. पण भाची इतक्यावर हरणाऱ्यांतली नव्हती.

भाची : बरं, विका. कोणाला विकताय?

मामा : गिऱ्हाईक अंधेरीचं आहे. घर आवडलं, जागा आवडली नाही. दोन्ही हातांना शेजारी, समोर मारुतीचं देऊळ, सप्ताह लागला की सात दिवस टाळ-मृदंग आणि भोंगा. त्याला हेच घर शेतात हवंय.

भाची : म्हणजे?

मामा : सांगाडा उतरवायचा. खांब, तुळया, वासे, सगळ्यांवर नंबर घालायचे आणि ओढ्याकाठच्या आपल्या दीड एकरात पुन्हा जोडायचा. घर आणि शेत एकाच सौद्यात.

भाची : आणि तुम्ही ऐकून घेतलंत!

मामा : ऐकायला काय जातं? दुसरा लाकूडवाला येऊन गेलाय. तो सगळं काढून जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या बाजारात नेणार, खांब चिरून टेबलं करणार. त्यापेक्षा घर घर म्हणून तरी उभं राहील. पुण्याच्या केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल तू बघितलायस ना? तो कोथरूडहून उतरवूनच तिथे उभा केला.

भाची : बघितलाय. दोरीच्या अलीकडून. त्यात कोणी राहत नाही, मामा. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्रमध्येही अशी उचलून आणलेली घरं आहेत, केरळची, तमिळनाडूची, आणि सुंदर मांडलीयत. पण ते संग्रहालय असल्याचं तिकिटावरच लिहिलेलं असतं. तुमचं गिऱ्हाईक म्हणणार, मी गावात राहतो.

मामा : म्हणू दे. पैसे रोख देतो.

भाची : ओटी कशासाठी असते ते सांगा.

मामा : बसायला.

भाची : कोणाला? येणाऱ्याजाणाऱ्याला. ओटी रस्त्याकडे तोंड करून बसवलीय, म्हणून उंच आहे, म्हणून तिला कठडा आहे. आत माजघर, ते बायकांचं, म्हणून अंधारं. मागची पडवी परड्यात उघडते, तिथून शेजारणीकडून विरजण यायचं. हे घर दीड एकराच्या मधोमध नेऊन ठेवलं तर ओटीसमोर काय असेल? कंपाउंडची भिंत आणि गेटवरचा रखवालदार. तो रखवालदारही आपल्याच गावातला पोरगा असेल.

भाचीचं हे बोलणं घराबद्दल होतं, पण ते या मुलखाच्या रचनेलाच लागू आहे. आपल्याकडे भातशेती करणारा माणूस शेतात राहत नसे. गावठाण उंचवट्यावर, घराला घर लागून, आणि शेत चालत गाठायचं. शेतात फार तर राखणीचा माळा, वाल-हरभरा असताना एखादी खोप. भीती वाघराची होती, चोराची होती, पण खरं कारण त्याहून साधं : खाचर पाणी अडवण्यासाठीच केलेलं असतं. जून ते ऑक्टोबर जिथे पाणी साठावं अशी तजवीज केली, तिथे जोतं कोण बांधेल? त्यामुळे आजूबाजूला कोणी नसलेलं, शिवाराच्या मधलं जुनं शेतघर ही वस्तू शहापूर-मुरबाडमध्ये मुळात घडलीच नाही. जुनं आहे ते गावात. शेतातलं आहे ते नवं. गिऱ्हाइकाला दोन्ही एकत्र हवंय, म्हणून नंबर घालून उचलण्याची पाळी येते.

कायद्यातलं शेतघरही गिऱ्हाइकाच्या मनातलं नव्हे. शेतकऱ्यानं आपल्या शेतीच्या सोयीसाठी आपल्या जमिनीवर बांधायचं ते शेतघर, आणि त्यासाठी जमीन निदान ०.४ हेक्टर, म्हणजे ४० गुंठे लागते. दहा गुंठ्यांच्या तुकड्यावर शेतघर म्हणून जे विकलं जातं ते दुसरंच काही असतं.

भाची : तुमचं अंधेरीवालं गिऱ्हाईक शेतकरी आहे का?

मामा : नाही. दलाल म्हणतो, दाखल्याची सोय करतो.

भाची : आणि ती सोय उद्या उघडी पडली तर? कूळकायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ देत नाही. व्यवहार अवैध ठरला तर ८४-क खाली जमीन सरकारजमा होऊ शकते. आजोबांनी कूळ म्हणून मिळवलेली जमीन खोट्या दाखल्यावर जाणार?

मामा : ते कलम मलाही ठाऊक आहे. आपल्या सातबाऱ्यावर इतर हक्कात कलम ४३ची नोंद आहे. पूर्वी विकायला परवानगी लागायची. २०१४च्या दुरुस्तीनंतर ३२-मच्या खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असली की शेतसाऱ्याच्या आकाराच्या चाळीस पट भरायचे, झालं. आकार किती, तर काही रुपये. म्हणजे माझ्या बाजूनं वाट मोकळी आहे. खोट त्याच्या बाजूला आहे.

भाची : आमच्या शहापूरकडे या. तिकडे अख्खा तालुका अनुसूचित क्षेत्रात. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, तिच्यामागे शासनाची मंजुरी. म्हणून दलाल आधी जमीन बघत नाही, मालकाची जात विचारतो. आणि गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न काय असतो सांगू? पाणी बारमाही आहे का. पोहण्याचा तलाव करायचाय.

मामा : मुंबईकरानं हे विचारायचं म्हणजे कमाल आहे.

कमाल खरीच. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची मिळून साठवण सुमारे साडेचौदा लाख दशलक्ष लिटर, त्यात एकट्या भातसाची सात लाखांवर. भातसा शहापूर तालुक्यात, १८९२ पासून मुंबईला पाणी देणारं तानसाही तिथलंच. आणि उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणारे पाडेही त्याच तालुक्यात. जलवाहिनीच्या शेजारून डोक्यावर हंडा घेऊन जाणाऱ्या बाईचं चित्र इतक्यांदा छापून आलंय की त्याची आता बातमी होत नाही.

मामा : तू एवढं बोलतेस, पण एक विचारू? तू आसनगावला चौथ्या मजल्यावर राहतेस. लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे, कपाटात वाळवी नाही. तुला कोणी विचारलं का, की बाय, तू कूड का सोडलंस? मग मी स्लॅबच्या खोलीत झोपायची इच्छा धरली तर मीच का संस्कृती बुडवली? रस्त्यालगत दोन खोल्या काढतो, संडास घरात, पायरी एकच. तुझ्या मामीला तेवढं पुरे.

भाची : ते मी नाकारत नाही.

मामा : आतापर्यंत तेच नाकारत होतीस.

भाची : बरं, होते. आता एवढंच म्हणते : घर विका, पण इथेच उभं राहू दे. शेत त्यात घालू नका.

मामा : शेताशिवाय कोण घेणार?

भाची : शेत दिलंत तर काय होईल ते तुम्हीच सांगा. ओढ्याकाठचं आपलं खाचर सगळ्यात वरचं.

मामांनी यावर लगेच उत्तर दिलं नाही. तंबाखू मळली, बार भरला आणि मग जे बोलले ते भाचीला उद्देशून नव्हतं.

मामा : वरच्या खाचरात घर म्हणजे भराव आला. चार-पाच फूट मुरूम टाकल्याशिवाय जोतं निघणार नाही. आता वरचं पाण्यानं भरलं की ते खालच्याला, त्याखालच्याला, असं उतरत जातं. बांध बंद झाला तर खालच्या तीन घरांची आवणं कोरडी, आणि एखाद्या मोठ्या पावसात तेच पाणी बांध फोडून शिरणार. खाली आहे तो माझा चुलतभाऊ. बोलत नाही माझ्याशी. पण त्याचं भात मी कसं बुडवू?

संपूर्ण वादात मामा हलले ते इथे. वास्तूचं प्रेम, कारवीचं कूड, मस्तानी महाल, यातल्या कशानं नाही. वैर असलेल्या चुलतभावाच्या आवणानं. जुन्या घरांच्या बाजूनं आपण सौंदर्याचे कितीही दाखले दिले तरी शेतकऱ्याच्या मनात निर्णय पाण्याच्या उतारानं होतो. मला तो सौंदर्याच्या दाखल्यांहून जास्त भरवशाचा वाटतो.

भाची : आणि लाकूडवाल्याचं?

मामा : त्यालाही सांगितलंय, साग हलवायचा तर वनखात्याचा वाहतूक पास तू काढ, मी नाक्यावर उभा राहणार नाही. त्यानंतर त्याचा फोन नाही. अजून एक गोष्ट राहिली. दलालानं विचारलं, बहिणींची हक्कसोडपत्रं घेऊन ठेवलीत का? गोडीगुलाबीनं सह्या घ्या म्हणाला, साडी-चोळी करा.

भाची : मग?

मामा : मग काय? बापानं घेतलेलं घर. तुझ्या आईचा आणि मावशीचा त्यात माझ्याएवढाच हिस्सा. साडी मी दिवाळीला देतोच, त्याची सहीशी गाठ कशाला? विकलं तर तीन वाटे होतील. पोरांना हे अजून सांगितलेलं नाही. ती शेतही विकायच्या मागे आहेत, आणि त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. बदलापूरचा हप्ता भातातून फिटत नाही.

हे शेवटचं वाक्य दोघांनीही पुढे नेलं नाही, आणि त्याला माझ्याकडेही उत्तर नाही. एवढं मात्र सांगतो : गावठाणातलं घर बिगरशेतकऱ्यालाही सरळ घेता येतं, कारण ती शेतजमीन नव्हे. खोटा दाखला नको, भराव नको, खांबांवर नंबर नकोत. अडचण एकच, शेजारी घ्यावे लागतात. सप्ताहाची वर्गणी द्यावी लागते, कोणाच्या दशक्रियेला जावं लागतं, आणि ओटीवर कोणी येऊन बसला तर त्याला कोण तू असं विचारता येत नाही. ज्याला हे जड वाटतं त्यानं जुन्या घराच्या नादी लागू नये. हायवेलगत नवे बंगले पुष्कळ आहेत.

घेणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका मागावी, नसेल तर जुनं खरेदीखत आणि वारसांची पूर्ण यादी, मुलींसकट. विकणारा आदिवासी असेल तर आधी तहसील कचेरीत विचारावं, इसार नंतर.

मामांचं घर विकायचं आहे. शेत विकायचं नाही, निदान मामा आहेत तोवर. दलाल म्हणतो, शेताशिवाय भाव निम्मा येईल. मामांनी निम्मा कबूल केलाय.